हृदयशूल (अंजायना)

हृदयाच्या स्नायूला गरजेपुरता प्राणवायू मिळेनासा झाला की छातीत जे दडपण येते किंवा कळ उठते, तिला हृदयशूल म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून बहुधा करोनरी धमन्यांच्या (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या) विकाराचे लक्षण असते. इंग्लिश वैद्य विल्यम हेबरडन यांनी १७६८ मध्ये त्याचे नेमके वर्णन केले : चालताना, त्यातही चढावर किंवा जेवण झाल्यावर छाती आवळते आणि थांबताच मोकळी होते. निदानाची सुरुवात आजही इथूनच होते.

‘दुखते का?’ या प्रश्नाला बरेच रुग्ण नाही म्हणतात. छाती जड झाली, कोणी दाबून धरले, असे ते सांगतात. जागा दाखवतानाही बोट न टेकवता वळलेली मूठ छातीच्या मध्यभागी धरतात. वेदना डाव्या खांद्यातून हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरते, किंवा मानेत, जबड्यात जाते. वरच्या पोटात असली की ‘पित्त झाले’ म्हणून दिवस काढले जातात. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात कधी नुसती धाप, थकवा किंवा मळमळ एवढेच दिसते. उलट, बोटाने दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढणारी टोचणी सहसा हृदयाची नसते.

हृदय विश्रांतीतही आपल्याकडे आलेल्या रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेते. श्रमात जास्तीचा हवा असेल तर रक्तप्रवाहच वाढावा लागतो, आणि मेदाच्या थरांनी अरुंद झालेली धमनी नेमकी तिथे कमी पडते. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल व आनुवंशिकता यांमुळे हे थर साचतात. महाधमनीची झडप अरुंद होणे, तीव्र रक्तक्षय आणि थायरॉइडचा अतिस्राव हीही कारणे आहेत. अमेरिकन वैद्य मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्ये वर्णिलेल्या प्रकारात धमनी आकसते. तो त्रास विश्रांतीत, बहुधा पहाटे होतो.

कळ नसताना काढलेला ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) निर्दोष असू शकतो. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या, जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीने आराम पडला म्हणून निदान पक्के होत नाही. अन्ननलिकेचा पेटकाही त्याने सुटतो.

स्थिर प्रकारात ठरावीक श्रमाने उठलेली कळ विश्रांतीने काही मिनिटांत ओसरते. ती नव्याने सुरू झाली, थोड्याशा श्रमाने किंवा बसल्याजागी येऊ लागली, तर तो अस्थिर हृदयशूल समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विश्रांती आणि या गोळीनेही न थांबणारी कळ हृदयविकाराचा झटका असू शकते. अशा वेळी स्वतः वाहन न चालवता रुग्णवाहिका बोलवावी.