निबेलहाइम की निफ्लहाइम?

'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेम मालिकेच्या सातव्या भागात नायक क्लाउडचं गाव आहे निबेलहाइम, आणि पंधराव्या भागात शत्रूचं साम्राज्य आहे निफ्लहाइम. दोन्ही नावांच्या मुळाशी धुकंच असल्यामुळे बोलताना त्यांची सर्रास अदलाबदल होते.

यातलं निफ्लहाइम थेट नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणातलं. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहिलेल्या गद्य एड्डात ते भेटतं. पृथ्वी घडण्याच्या कितीतरी युगं आधीपासून असलेला हा गारठ्याचा प्रदेश. त्याच्या मधोमध ह्वेर्गेल्मिर नावाचा झरा, त्यातून निघालेल्या नद्या दूरवर जाऊन गोठतात आणि गिन्नुंगागाप नावाच्या पोकळीत बर्फाचे थर चढत जातात. दक्षिणेकडून मुस्पेल या आगीच्या प्रदेशाची धग येते, बर्फ पाझरतं आणि त्या थेंबांतून यमिर हा पहिला महाकाय जीव जन्मतो. थोडक्यात, सगळी सृष्टी या थंडीनंतरची.

निबेलहाइम मात्र जर्मन वाटेने आलेलं नाव. रिचर्ड वाग्नरच्या 'दास राइनगोल्ड' या ऑपेरात (पहिला प्रयोग म्युनिक, १८६९) ते बुटक्यांचं जमिनीखालचं राज्य आहे. ऱ्हाइन नदीतलं सोनं चोरून अंगठी घडवणारा आल्बेरिश तिच्या जोरावर आपल्याच भाईबंदांना राबवतो. ऐरणींवरच्या घावांचा ठणठणाट थेट संगीतातच आहे. बर्फाचा पत्ता नाही, नुसती हाव.

आता १९९७च्या गेममधलं गाव बघा. ग्रहाचा जीवनरस उपसायला शिनरा कंपनीने डोंगरात माको रिअ‍ॅक्टर उभारलाय. शिनराच्या वाड्याच्या तळघरात जुनी कागदपत्रं वाचता वाचता सेफिरॉथ या शिनराच्याच नामांकित योद्ध्याचं डोकं फिरतं आणि तो अख्खं गाव पेटवतो. ओरबाडणं, तळघर, आग. मला तरी यात वाग्नरच जास्त दिसतो. अर्थात पैज लावणार नाही, कारण गावाचं जपानी नाव 'निबुरुहेइमु', आणि नॉर्स निफ्लहाइमही जपानीत असंच लिहिलेलं आढळतं. शिवाय त्याच गेममधलं मिडगार शहर सरळसरळ मिडगार्डवरून, म्हणजे नॉर्स कथांतल्या मानवलोकावरून आलंय.

२०१६च्या पंधराव्या भागात असा घोळ नाही. यंत्रसैनिकांच्या फौजा बाळगणाऱ्या या साम्राज्याची राजधानी ग्रालिया, आणि तिकडे जाताना आगगाडी बर्फातून जाते. गंमत त्या बर्फाच्या कारणात आहे. साम्राज्याने शिवा या हिमदेवीला ठार केलं आणि तिच्या कलेवराभोवती हिमवादळं सुरू झाली. (हो, नाव आपल्या महादेवाचंच, या मालिकेत मात्र ती बाई आहे.) स्नोरीच्या निफ्लहाइममध्ये थंडी कुणी आणलेली नाही, ती आधीपासूनच आहे. इथे ती माणसांनी ओढवून घेतलीय.

गाव आणि साम्राज्य यांचा कथेत काही संबंध असेल म्हणून शोधत बसू नका. दोन्ही भागांची जगंच वेगळी आहेत. सातवा भाग आता नव्याने, तुकड्यातुकड्यांनी बनवला जातोय. त्यातलं निबेलहाइम आधी बघायचं असेल तर २०२४चा 'रिबर्थ' घ्या. त्याची सुरुवातच तिथल्या जुन्या घटनांपासून होते. २०२०चा 'रिमेक' मिडगारपुरताच आहे.