आरो, रिकव्हरी आणि 75 टक्क्यांचा घोळ : पार्श्वभूमी

मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा; त्यातून पाणी दाबाने ढकलून क्षार मागे ठेवायचे, हा आरो (रिव्हर्स ऑस्मोसिस). या गाळणीची औद्योगिक वाट 1960 च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटच्या पडद्याने मोकळी केली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पॉलिॲमाइड या कृत्रिम पदार्थाचा पातळ थर आला आणि कमी दाबावर जास्त पाणी मिळू लागलं. बाजार फुगायला मेम्ब्रेनचं माप एक झाल्याचाही हात लागला : 8 इंच व्यास, 40 इंच लांबी. एका कंपनीची मेम्ब्रेन काढून दुसरीची त्याच हाउसिंगमध्ये (बाहेरच्या नळीत) बसू लागली, भाव उतरले.

कारखान्यात मेम्ब्रेन शिरली बहुतेक बॉयलरच्या दारातून. बॉयलरच्या पाण्यातले क्षार काढणाऱ्या रेझिनच्या आधी आरो लावला की रेझिन धुवायच्या ॲसिड-कॉस्टिकचा खर्च बराच घटतो. डेअरीत व्हे (चीज-पनीरचं निवळ पाणी) घट्ट करायला अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे जरा मोठ्या छिद्रांची मेम्ब्रेन, आलं. ते प्रथिनं अडवतं, लॅक्टोज (दुधातली साखर) आणि क्षार सोडतं. केळीच्या रसालाही तेच चालतं, पण आधी एन्झाइमने पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ) तोडावं लागतं, नाहीतर तासाभरात मेम्ब्रेन बुजते. बोलताना मात्र जळगावपासून नंदुरबारपर्यंत सगळ्यालाच ‘आरो’.

खरा गुंता ‘रिकव्हरी’ या शब्दाचा, म्हणजे आत घेतलेल्या पाण्यापैकी किती टक्के गाळून मिळालं याचा. 2019 मध्ये हरित लवादाने 500 पेक्षा कमी टीडीएसच्या (लिटरमागे मिलिग्रॅममध्ये विरघळलेल्या क्षारांच्या) पाण्यावर घरगुती आरो नको म्हटलं. जिथे चालेल तिथे आधी 60 आणि पुढे 75 टक्के पाणी परत मिळालं पाहिजे, असंही म्हटलं. हेतू चांगला, पण तो आकडा कारखान्याच्या कोटेशनमध्येही शिरला. एक मेम्ब्रेन साधारण 10 ते 15 टक्केच पाणी काढते, सहा एका व्हेसलमध्ये (लांब नळीत) ओळीने लावल्या की सुमारे 50. 75 साठी उरलेलं पाणी पुन्हा गाळणारा दुसरा स्टेज लागतो. शिवाय 75 टक्के म्हणजे रिजेक्टमध्ये (शेवटी टाकून द्यायच्या पाण्यात) क्षार चौपट. तापीच्या दक्षिणेला काळा पाषाण, त्यातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका लिटरला 40 मिलिग्रॅम असली तर रिजेक्टमध्ये 160 होते. 25 अंशांना ती 120 च्या आसपासच विरघळलेली राहते. बाकीची काचेसारखी चिकटते, आणि ॲसिडच्या धुलाईला दाद देत नाही. अशा पाण्याला अँटीस्केलंट (थर धरू न देणारं रसायन) तरी हवं, नाहीतर 65 टक्के रिकव्हरीवर थांबावं. विकणारा हे क्वचितच सांगतो.

दुसरा घोळ उन्हाळ्याचा. पाणी एक अंश तापलं की उत्पादन सुमारे 3 टक्के वाढतं. मे महिन्यात भुसावळकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 40 अंशांवर गेलं की ऑपरेटर खूश, पण क्षारही जास्त पार होतात, टीडीएस चढतो आणि मेम्ब्रेन फाटली म्हणून बदलायची घाई होते. जानेवारीत उलट : प्रवाह घटतो, धुलाईची हाक उठते. आकडे हिशोबाने 25 अंशांवर आणून पाहिले तर दोन्ही वेळा बहुतेक काहीच बिघडलेलं नसतं. क्लोरीनचं मात्र उलट आहे. ते 0.1 पीपीएमच्या वर गेलं तर पॉलिॲमाइड हळूहळू कुजतो, आणि कळतं तेव्हा उपाय उरलेला नसतो. क्लोरीन मारणाऱ्या बायसल्फाइटचा पंप बंद पडला तर प्लांट आपोआप थांबेल, अशी जोडणी पहिल्या दिवशीच करावी.

रिजेक्ट बऱ्याचदा जातं बाष्पीभवनाच्या तळ्यात. उन्हाळ्यात तळं आटतं. पावसाळ्यात त्याची पातळी कोण तपासतं, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.