ऑस्मोलॅरिटी आणि टॉनिसिटी: द्रावणातले कण आणि पेशीचं आकारमान

१८ ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करा. हे झालं ३०० मिलिमोलचं द्रावण. ऑस्मोमीटरवर (द्रावणातले एकूण कण मोजणारं यंत्र) ते रक्तरसाच्या जवळपास बरोबरीचं दिसेल. आता त्यात रक्ताचे दोन थेंब टाका. गढूळ मिश्रण पाहता पाहता पारदर्शक लाल होतं, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. तेवढ्याच ऑस्मोलॅरिटीच्या मिठाच्या द्रावणात मात्र त्याच पेशी धड राहतात.

ऑस्मोलॅरिटी मोजताना पेशीचा विचारच करायचा नसतो. एक लिटर द्रावणात एकूण किती कण आहेत, एवढाच प्रश्न. (एक किलो पाण्यामागे मोजले की ती ऑस्मोलॅलिटी, शरीरातल्या द्रवांत हा फरक किरकोळ.) मिठाचा एक रेणू विरघळून दोन आयन देतो, म्हणून ०.९ टक्के सलाइनमधले १५४ मिलिमोल मीठ कागदावर ३०८ मिलिऑस्मोल (म्हणजे कणांचे मिलिमोल) होतं. प्रत्यक्षात आयन एकमेकांना थोडे बांधून ठेवतात, त्यामुळे ऑस्मोमीटर साधारण २८६ दाखवतो. रक्तरसाचा नेहमीचा पल्ला २७५ ते २९५ आहे.

टॉनिसिटीचा प्रश्न वेगळा: या द्रावणात ठेवलेली पेशी फुगेल, आक्रसेल की आहे तशी राहील? इथे पेशीच्या पटलातून (तिच्या बाहेरच्या पातळ आवरणातून) आरपार जाणारे कण हिशेबातून बाद होतात. डच रसायनशास्त्रज्ञ स्टॅव्हरमन यांनी १९५१ मध्ये मांडलेला रिफ्लेक्शन कोएफिशंट हेच सांगतो. कण पूर्ण अडला तर त्याची किंमत १, मोकळेपणाने गेला तर ०. तांबड्या पेशीसाठी मीठ १ च्या अगदी जवळ असतं. युरियाला तिच्या पटलात स्वतंत्र वाहक प्रथिन असल्याने तो झटपट आत शिरतो. मग आत युरिया अधिक पेशीचं स्वतःचं पोटॅशियम, हिमोग्लोबिन वगैरे. बाहेर फक्त युरिया. पाणी आत ओढलं जातं आणि पेशी फुटते.

त्यामुळे ‘हायपरऑस्मोटिक (रक्तरसापेक्षा जास्त कणांचं) म्हणजे हायपरटॉनिक (पेशी आक्रसवणारं)’ हे समीकरण चुकतं. ३०० मिलिमोल युरिया आणि ७५ मिलिमोल मीठ एकत्र घ्या. कण भरले ४५०, रक्तरसाच्या दीडपट. पण अडणारे फक्त १५०, म्हणून याच ‘दाट’ द्रावणात पेशी फुगतात आणि काही फुटतातही.

रुग्णाच्या बाबतीत दोन्ही आकडे वेगवेगळे काढावेत. एकूण ऑस्मोलॅलिटी म्हणजे सोडियमची दुप्पट, अधिक ग्लुकोज भागिले १८, अधिक युरिया नायट्रोजन (युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन) भागिले २.८. सोडियम मिलिमोल प्रति लिटरमध्ये, बाकी दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. टॉनिसिटीसाठी शेवटचं पद गाळायचं. इथली हमखास चूक म्हणजे अहवालात ‘युरिया’ लिहिलेला असताना २.८ ने भागणं. पूर्ण युरियाला भाजक ६ आहे, २.८ वापरला तर ते पद दुपटीहून जास्त फुगतं.

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात सोडियम १३८, ग्लुकोज ९०, युरिया नायट्रोजन ११२ असेल तर एकूण २७६ + ५ + ४० = ३२१. आकडा धडकी भरवणारा, पण टॉनिसिटी २८१. युरियामुळे पेशी आक्रसलेल्या नाहीत. मद्यार्काचंही असंच: तो ऑस्मोलॅलिटी वाढवतो, पाणी हलवत नाही.

ग्लुकोज मात्र फसवं आहे, कारण त्याचं वागणं परिस्थितीवर ठरतं. इन्सुलिन नसेल तर ते बहुतेक पेशींबाहेर अडकतं आणि पाणी बाहेर खेचतं. त्याने सोडियम पातळ होतं: ग्लुकोजच्या दर १०० मिलिग्रॅम वाढीमागे सुमारे १.६ ने, काहींच्या मते २.४ ने. सोडियम १२८ आणि ग्लुकोज ६०० असलेल्या रुग्णाची टॉनिसिटी २५६ + ३३ = २८९ येते. नुसतं १२८ पाहून मेंदूच्या पेशी फुगल्या असतील असं समजून दाट सलाइन लावणं म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध.

इन्सुलिन व्यवस्थित काम करत असेल तर उलट घडतं. ५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) बाटलीत सुमारे २५० ते २७८ मिलिऑस्मोलचं असतं (ग्लुकोज सजल मोजलं की निर्जल, यावर आकडा ठरतो), म्हणून शिरेत शिरताना पेशी फुटत नाहीत. नंतर ग्लुकोज पेशींत जाऊन जळतं आणि मागे उरतं निव्वळ पाणी. ते बघता बघता पेशींच्या आत-बाहेरच्या सगळ्या कप्प्यांत पसरतं. म्हणून मेंदूला सूज असलेल्या रुग्णाला हे द्रावण देणं टाळतात. रक्त चढवताना त्याच नळीतूनही ते देत नाहीत: तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि इन्सुलिनशिवाय ग्लुकोज आत घेत असल्याने हळूहळू फुगून फुटतातही. डेक्स्ट्रोज-सलाइन बाटलीत हायपरऑस्मोटिक असलं, तरी ग्लुकोज वापरलं गेल्यावर त्यातलं ०.९ टक्के सलाइनच उरतं.

युरियाही कायम निरुपद्रवी नसतो. मेंदूत तो तांबड्या पेशीइतक्या वेगाने आत-बाहेर करत नाही. युरिया खूप चढलेला असताना पहिलंच डायलिसिस जोरात केलं तर रक्तातला युरिया झपाट्याने उतरतो, मेंदूतला मागे राहतो आणि तेवढ्या काळापुरता तो पाणी खेचणारा कण बनतो. डोकेदुखी, उलटी, झटके ही त्याची लक्षणं. म्हणून अशा रुग्णाचं पहिलं सत्र लहान ठेवतात आणि रक्ताचा प्रवाह कमी धरतात.