फरी कन्व्हेन्शन (भरवणं आणि चालवणं)

माणसासारखी बोलणारी-चालणारी प्राणी-पात्रं ज्यांना आवडतात त्यांचा दोन ते पाच दिवसांचा मेळावा. बोलताना नुसतं 'कॉन' म्हणतात. चित्रं, कॉमिक्स, नाच, चर्चा, विक्रीचे स्टॉल असं सगळं असतं आणि काही जण आपल्या पात्राचा केसाळ पोशाख म्हणजे फरसूट घालून फिरतात, सगळे नाही, कारण हातानं बनवलेला पूर्ण सूट फार महाग पडतो.

पहिलं कॉन कुठलं यावर एकमत नाही. काही जण मूळ १९८० च्या बोस्टनमधल्या वर्ल्डकॉनमध्ये, म्हणजे विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनात शोधतात, तिथं चित्रकार स्टीव्ह गॅलाची यांच्या एका चित्रावरून गप्पा सुरू झाल्या आणि तो कंपू पुढच्या संमेलनांतही भेटत राहिला. दुसरे मार्क मर्लिनो आणि रॉड ओ'रायली या दोघा चाहत्यांनी हॉटेलच्या खोलीत दिलेल्या पार्ट्यांना पहिलेपणाचा मान देतात, त्या साधारण १९८५-८६ च्या. पण खोलीतली पार्टी वेगळी आणि स्वतःची नोंदणी, स्वतःचा हॉल, स्वतःची जबाबदारी असलेलं संमेलन वेगळं, म्हणून जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला झालेलं 'कॉन्फरन्स झिरो' पहिलं धरणं जास्त पटतं (नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'फर' घातलाय). तेव्हा ६५ च्या आसपास माणसं आली. शून्य अशासाठी की ती चाचणी होती, आणि म्हणूनच कुणी कुणी तिला मोजत नाहीत, १९९० पासून धरतात. ही मालिका २००३ ला थांबली, त्यामुळं आज चालू असलेल्यांत १९९५ चं जर्मनीतलं युरोफरन्स सगळ्यात जुनं मानतात. अमेरिकेतलं अँथ्रोकॉन १९९७ ला सुरू झालं, २००६ पासून पिट्सबर्गला भरतं, २०२४ ला तिथं १७ हजारांवर लोक होते.

एवढा पसारा बहुतेक करून बिनपगारी स्वयंसेवक चालवतात. वरती कॉन-चेअर म्हणजे प्रमुख, खाली नोंदणी, सुरक्षा, स्टॉल, स्टेज, हॉटेलशी बोलणी असे विभाग, आपल्याकडच्या गणेश मंडळासारखंच. खरी मेख हॉटेलच्या करारात असते. ठरलेल्या खोल्या आपल्या लोकांनी घेतल्या तर हॉल स्वस्तात किंवा फुकट मिळतो, खोल्या रिकाम्या राहिल्या तर फरक आयोजकांच्या खिशातून जातो, आणि नवीन कॉन इथंच बुडू शकतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे असं काही करायचं म्हटलं तर मंगल कार्यालय जास्त सोयीचं, वऱ्हाडाच्या खोल्या आणि जेवणाचा हॉल तयारच असतो, पण लग्नसराईत तारीख मिळत नाही. स्पीकर रात्री दहाला बंद. फलकावर कन्नडही ठळक हवं, २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं आहे, तेव्हा पाटी रंगवणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं.

सूट घातलेल्या माणसाची काळजी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. सूटचं डोकं फोमचं, त्यावर कृत्रिम केस, बघायला डोळ्यांत किंवा तोंडात जाळीचा तुकडा. पायाखालची पायरी आणि कमरेएवढं पोर दिसत नाही. म्हणून सोबत एक साधा कपड्यातला माणूस असतो, त्याला हँडलर म्हणतात, तो हात धरतो, गर्दी मागं सारतो, पाणी पाजतो. जी खोली फक्त सूटवाल्यांसाठी असते तिथं फोटोला बंदी, कारण डोकं काढून बसता यावं. तिथं मोठे पंखे, बाटलीला स्ट्रॉ, आणि स्टँडवर ओळीनं वाळत घातलेली लांडगा-कोल्ह्याची डोकी. घामानं भिजलेला सूट तसाच बंद पिशवीत गेला की वास धरतो. बेळगावच्या पावसाळ्यात, साधा टॉवेल दोन दिवस वाळत नाही तिथं, जून ते सप्टेंबर कॉन ठेवूच नये. शिवजयंतीच्या चित्ररथावर रात्रभर जिवंत देखाव्यात उभ्या राहणाऱ्या पोरांना पाणी पोचवणारे कार्यकर्ते हे काम न शिकवता करतील, त्यांनाच आधी विचारावं.

नियमांत ६-२-१ सगळ्यांना पाठ असतो: रोज किमान सहा तास झोप, दोन वेळचं जेवण, एक आंघोळ. बऱ्याच कॉनमध्ये लिलावातून प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना पैसे जमवतात.