रिव्हर्स प्रॉक्सीमागील रीडायरेक्ट

वेब ॲप रिव्हर्स प्रॉक्सीच्या (बाहेरच्या विनंत्या स्वीकारून ॲपकडे पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या) मागे चालत असताना त्याने दिलेला रीडायरेक्टचा (ब्राउझरला दुसरीकडे पाठवणाऱ्या उत्तराचा) पत्ता चुकणे, हा सर्व्हर-व्यवस्थापनात वारंवार आढळणारा दोष. ॲपकडे विनंती प्रॉक्सीमार्फत येते. बाहेरचे डोमेन, पोर्ट वा एचटीटीपीएस यांची माहिती प्रॉक्सीने पुढे दिली नाही, तर ‘लोकेशन’ हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या, पुढचा पत्ता सांगणाऱ्या ओळीत) ॲप आतलाच पत्ता लिहिते.

उदा., सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानाचे हळदीच्या हिशोबपट्ट्यांचे ॲप दुकानातल्याच संगणकावर ८००० पोर्टवर चालते व पुढे एनजिन्क्स हा प्रॉक्सी सर्व्हर आहे, असे समजू. तासगावच्या शेतकऱ्याने मोबाइलवरून लॉगिन केले, की ब्राउझर १२७.०.०.१:८००० कडे, म्हणजे त्या मोबाइलकडेच, जातो आणि पान उघडत नाही. दुकानातल्या त्या संगणकावर मात्र ते उघडते, फार तर पुन्हा लॉगिन मागते; म्हणून तक्रार खरी वाटत नाही. वास्तविक प्रॉक्सी_पासमधील (विनंती कुठे पाठवायची हे सांगणाऱ्या सेटिंगमधील) पत्त्याशी जुळणारे ‘लोकेशन’ एनजिन्क्स आपोआप बदलते. परंतु तिथे ‘लोकलहोस्ट’ (त्याच संगणकाचे नाव) आणि ॲपच्या सेटिंगमध्ये ‘१२७.०.०.१’ असेल, तर अक्षरे जुळत नाहीत व आतला पत्ता तसाच बाहेर पडतो.

या दोषाचे मूळ काही जण एचटीटीपीच्या जुन्या मानकांत (‘आरएफसी’ या दस्तऐवजांत) शोधतात. आरएफसी १९४५ (१९९६) व आरएफसी २६१६ (१९९९) यांनुसार ‘लोकेशन’मध्ये संपूर्ण पत्ता आवश्यक होता, सापेक्ष (डोमेनविना, नुसत्या मार्गाच्या) पत्त्याला आरएफसी ७२३१ ने जून २०१४ मध्ये मुभा दिली. हे मत अंशतःच ग्राह्य दिसते, कारण ओऑथमधील (दुसऱ्या सेवेच्या खात्याने प्रवेश देण्याच्या पद्धतीतील) परतीचा पत्ता आजही संपूर्णच लागतो आणि तो नोंदवलेल्या पत्त्याशी जुळावा लागतो. प्रॉक्सी बाहेरची माहिती ॲपला हेडरांतून देते. त्यांपैकी विनंती करणाऱ्याचा मूळ आयपी पत्ता सांगणाऱ्या ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरचे जनकत्व सामान्यतः स्क्विड या कॅशे प्रॉक्सीच्या विकासकांकडे दिले जाते. ‘-प्रोटो’ (एचटीटीपी की एचटीटीपीएस) व ‘-होस्ट’ (मागितलेले डोमेन) ही भावंडे बहुधा नंतरची. आरएफसी ७२३९ (जून २०१४) ने या सर्वांऐवजी ‘फॉरवर्डेड’ हे एकच हेडर सुचवले, तरी वापरात जुनीच अधिक आहेत.

प्रॉक्सीवर ‘लोकेशन’ बदलून घेणे (अपॅची सर्व्हरमध्ये ‘प्रॉक्सीपासरिव्हर्स’ या सेटिंगने) सोपे, पण ॲपने ईमेलमध्ये घातलेल्या दुव्यांपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून मूळ ‘होस्ट’ व ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ पुढे पाठवून ॲपलाच खरा पत्ता कळवणे अधिक श्रेयस्कर. ‘प्रोटो’ नसल्यास ॲपला प्रत्येक विनंती एचटीटीपीचीच वाटते, एचटीटीपीएस सक्तीचे केले असल्यास ते पुन्हा एचटीटीपीएसकडे धाडते आणि चक्र थांबत नाही. ही हेडरे कोणीही बनावट पाठवू शकतो, त्यामुळे फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आलेलीच ॲपने मानावीत. ब्राउझर ३०१ (कायमचे रीडायरेक्ट) हे उत्तर साठवून ठेवतो व जुनाच पत्ता दाखवू शकतो. म्हणून दुरुस्तीनंतरची तपासणी ‘कर्ल’ या कमांडने करतात.