‘त्यांना दुखणं कळत नाही’ हा गैरसमज

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना वेदना जाणवतच नाहीत, असं घरांत आणि कधी दवाखान्यांतही वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे खरं नाही. वेदना होतातच, ‘इथे दुखतंय’ हे शब्दांत सांगणं मात्र अनेकांना जमत नाही. मग दुखणं वागण्यातून बाहेर येतं.

एखादा अचानक स्वतःच्या कानावर मारू लागतो, एकाच बाजूने घास चावतो, आवडीचं ताट दूर सारतो, रात्र रात्र जागतो. कानात पू झालेला असू शकतो, दाढ किडलेली असू शकते, कित्येक दिवस पोट साफ झालेलं नसतं. पण ‘त्याचं असंच असतं’ म्हणत शांत करणारी गोळी दिली जाते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. याची मला फार चीड येते, कारण दुर्लक्षामुळे साधी बद्धकोष्ठताही जिवावर बेतू शकते. डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच गुणसूत्रांत फरक, असलेल्यांचा सुस्तपणाही असाच ‘मूळचा’ ठरवला जातो. त्यांच्यात थायरॉइडचा त्रास बराच आढळतो आणि तो रक्ततपासणीत कळतो.

इंग्लंडमध्ये 14 वर्षं आणि त्यापुढील बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी फॅमिली डॉक्टरकडे दरवर्षी आरोग्य तपासणीची सोय आहे. सोय नसेल तिथे ती मागून घ्यावी. रोज सांभाळणाऱ्याने नेहमीची झोप, भूक, शौच आणि दुखल्यावर दिसणाऱ्या खुणा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. प्रश्न मात्र आधी त्या व्यक्तीलाच विचारावेत, छोट्या वाक्यांत, आणि उत्तरासाठी थांबावं.