लादी गार, सतरंजी उबदार, तापमान मात्र एकच

आमच्या घरी आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेला उतरतो, पण खिडकीतली दिव्यांची माळ नाताळ उरकेपर्यंत तशीच लुकलुकत असते. यंदा जानेवारीच्या पहिल्या रविवारी ती गुंडाळून माळ्यावर टाकली आणि हॉल एकदम ओकाबोका दिसायला लागला. सण संपल्यावर घर थंडीसाठी कसं सजवायचं, याचे व्हिडिओ नेमके याच दिवसांत मोबाइलवर येतात. सोफ्यावर लोकरीची शाल, कोपऱ्यात मेणबत्त्या, खाली जाड गालिचा. त्यातल्या एकात ठासून सांगितलं होतं की गालिचा अंथरला की खोलीचं तापमान वाढतं. मी नाही म्हटलं, तर आई म्हणाली, “का नाही? सकाळी उठून एक पाय लादीवर ठेव आणि एक सतरंजीवर. मग सांग.”

तिचा अनुभव खरा आहे, व्हिडिओतलं कारण चुकीचं आहे. आणि या दोन्हींच्या मधे जे विज्ञान आहे ते मला फार आवडतं, म्हणून हा लेख.

आधी मोजून घेतलं. कोविडच्या दिवसांत घेतलेली, कपाळासमोर धरायची तापमापक बंदूक घरात होतीच. तिच्या बटणाने शरीराऐवजी वस्तूच्या पृष्ठभागाचं तापमान घेता येतं. सकाळी साडेसहाला लादीवर धरली, २२ अंश. सतरंजीवर, २२. टीव्हीखालच्या लाकडी कपाटावर, तेही २२. रात्रभर एकाच खोलीत पडून राहिलेल्या वस्तू एकाच तापमानाला येतात, हे आपण शाळेत शिकलोय. सतरंजी स्वतः उष्णता तयार करत नाही, मग ती लादीपेक्षा जास्त तापेल कुठून?

मग पायाला फरक का कळतो? कारण त्वचा म्हणजे तापमापक नाही. लादीचं तापमान किती, हे तिला थेट कळतच नाही. तिच्यातले मज्जातंतू सांगतात ते स्वतः त्वचेचं तापमान आणि ते किती वेगाने बदलतंय, एवढंच. म्हणजे खरा प्रश्न असा: ३१ अंशांचा तळवा २२ अंशांच्या वस्तूला टेकला, तर त्या टेकलेल्या जागी तापमान किती होतं?

सरासरी काढून साडेसव्वीस म्हणायचा मोह होतो, पण या सरासरीत प्रत्येक पदार्थाचा वाटा वेगळा पडतो. तो तीन गोष्टींवर ठरतो: पदार्थ उष्णता किती सहज वाहून नेतो, त्याची घनता किती, आणि एक अंश तापायला त्याला किती उष्णता लागते. या तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं. या राशीचं नाव इफ्युझिव्हिटी. मी तिला उष्णतेची ओढ म्हणतो. हे गणित ज्या उष्णतावहनाच्या समीकरणातून निघतं, ते फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली ग्रंथरूपात मांडलं.

त्वचेची ओढ १२ धरली, तर ओट्याच्या ग्रॅनाइटची साधारण २४ भरते, व्हिट्रिफाइड लादीची १५, लाकडाची ४ आणि सुती कापडाच्या सैल थराची जेमतेम १, कारण त्या थरात बहुतेक जागा हवेनेच भरलेली असते. आता लादीसाठी हिशेब करू. १२ गुणिले ३१ अधिक १५ गुणिले २२, भागिले २७. उत्तर येतं २६ अंश. ग्रॅनाइटला २५ येतं, लाकडाला पावणेएकोणतीस, आणि सतरंजीला ३०.३! म्हणजे सतरंजीवर तळव्याच्या त्वचेचं तापमान पाऊण अंशानेही घसरत नाही, आणि लादीवर पाय टेकताक्षणी पाच अंश घसरतं. (हा हिशेब पहिल्या क्षणाचा. पुढे रक्त आतून उष्णता पुरवत राहतं.)

या पाच अंशांचं महत्त्व मोठं आहे. त्वचेतल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम-८ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान साधारण २५ ते २८ अंशांच्या खाली गेलं की ते उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूला ‘गार’ असा संदेश जातो. कपाळाला बाम चोळल्यावर गार वाटतं तेही याच दारातून, कारण बाममधलं मेंथॉल हेच प्रथिन उघडतं. त्याचा शोध डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी मेंथॉलच्याच मदतीने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे लावला. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल तापमान आणि स्पर्श कसे कळतात यावरच्या कामासाठी या दोघांनाच मिळालं. आमच्या हॉलमधली लादी त्या दाराच्या उंबरठ्याशी येते, सतरंजी त्याच्या आसपासही येत नाही.

आईला हे पटवायला बर्फ उपयोगी पडला. सारखे दोन खडे दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले, एक ओट्यावर ठेवला, एक घडी घातलेल्या सतरंजीवर. हाताला ‘गार’ लागणाऱ्या ग्रॅनाइटवरचा खडा भराभर वितळला, ‘उबदार’ सतरंजीवरचा बराच वेळ तसाच राहिला. ग्रॅनाइट पायाकडून उष्णता जशी झपाट्याने घेतो, तशीच ती बर्फाला झपाट्याने देतो.

आता जाडीची गोष्ट. उष्णता एखाद्या थरातून पलीकडे पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन मिलिमीटरच्या सतरंजीतून खालच्या लादीचा गारवा साधारण वीस सेकंदांत जाणवायला लागेल. तिप्पट जाड, म्हणजे नऊ मिलिमीटरच्या गोधडीतून यायला तिप्पट नाही, नऊपट वेळ लागतो, म्हणजे तीन मिनिटं. पायाखाली थर दबतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून गोधडी करणाऱ्या बायकांनी या वर्गाच्या नियमाचा पुरेपूर उपयोग करून घेतलाय, असं मला मनापासून वाटतं.

रंगाबद्दलही विचारलं जातं. लाल गालिचा किंवा संक्रांतीची काळी साडी उन्हात जास्त उष्णता शोषते, हे खरं. पण घरात, सावलीत, सगळे कपडे अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) जवळपास सारखेच शोषतात आणि सोडतात. बल्बच्या ‘वॉर्म’ पिवळ्या उजेडानेही खोली तापत नाही.

सैंधव मिठाच्या दिव्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. तो तापला की ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे कण, सोडतो आणि हवा शुद्ध करतो, असं सांगून चांगली किंमत घेतात. मीठ ८०१ अंशांना वितळतं. आतल्या छोट्या बल्बच्या उबेने त्याच्या स्फटिकातून आयन हवेत सुटत नाहीत. दिसायला सुंदर आहे म्हणून घ्या, शुद्ध हवेसाठी घेऊ नका. आणि थंडीत मुंबईची हवा तशीच साचून राहते, गारठलेल्या थरावर उबदार थराचं झाकण बसतं. अशा दिवसांत बंद खोलीत मेणबत्त्यांची रांग लावली तर काजळीचे बारीक कण आपल्याच छातीत जातात.

मुंबईची थंडी ती केवढी? सांताक्रूझला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं, तिथला नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा. आपल्याकडे खोली तापवायची गरज नाही. पाय टेकतो तेवढी जागा सांभाळली की पुरे.

म्हणून आमच्याकडे असं केलं. पलंगाशेजारी पातळ सतरंजी, कारण तिथे पाय टेकतो तो चपला सापडेपर्यंत. ओट्यापुढे आई अर्धा-अर्धा तास उभी असते, तिथे घोंगडीची दुहेरी घडी. आजी जिथे बसून तीळ निवडते तिथे आठ पदरी गोधडी. ती पावसाळ्यापासून कपाटात होती, हाताला दमट लागत होती. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओलसर गोधडीची ऊब कमी होते. अंथरण्याआधी दोन दुपार ती गच्चीवरच्या दोरीवर टाकली, पहिल्या दिवशी एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी.